कोंडाबाईची वेगळी चूल

मला एक खोड आहे. कुणी काही विचारलं की मी खरं उत्तर देत नाही, मोठं उत्तर देतो. ‘चहा घेणार का अप्पा?’ असं कुणी विचारलं तर मी ‘सगळ्यांसाठीच ठेवा’ म्हणतो. माझी बायको रत्नम्मा याला वेड म्हणते, मी दिलदारी म्हणतो. पण या दिलदारीपायी मी एका म्हातारीच्या तोंडची ज्वारी घालवली. ती परत मिळवायला आमच्या परसात जे रामायण झालं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तर झालं असं. आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्ह्यात आलं. म्हणजे गाव होतं तिथंच होतं, जिल्हाच आमच्याकडे आला. काय तो आनंद! पेढे वाटले, गुलाल उधळला, दोन दिवस ऑफिसात कुणी फाइल उघडली नाही. मी पाटबंधारे खात्यात कारकून. नवा जिल्हा म्हटल्यावर सगळंच नवं: शिक्के नवे, पाट्या नव्या, रेशनकार्डंही नवी. नावं लिहून घ्यायला कचेरीचा एक माणूस घरोघर फिरत होता. तो नेमका जेवायच्या वेळेला आमच्या ओसरीवर टेकला. रत्नम्मानं त्याला पिठलं-भाकरी वाढली. भाकरी मोडता मोडता त्यानं विचारलं, “घरात जेवणारी माणसं किती?”

खरं उत्तर पाच होतं. मी, रत्नम्मा आणि आमच्या तीन पोरी. पण समोर पाहुणा, त्यात नव्या जिल्ह्याचा! मी मांडीवर थाप मारून म्हटलं, “पाच कसले घेऊन बसलात? सहा! कोंडाबाई धरून सहा! अन्‌ आज तुम्ही सातवे!”

त्यानं स्वतःचं नाव काही लिहिलं नाही, पण कोंडाबाईचं लिहिलं. नात्याच्या रकान्यात ‘चुलती’ असं टाकलं. मी ते बघितलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. चुलती असायला काय हरकत आहे?

कोंडाबाई म्हणजे आमच्या कालव्यावरच्या चौकीदाराची, संगप्पाची बायको. संगप्पा वारला तेव्हापासून ती आमच्या परसातल्या खोलीत राहते. रोज सकाळी आमच्या चुलीतले चार निखारे खापरीत घालून न्यायची, आपल्या शेगडीवर आपली भाकरी आपण थापायची. आमची आमटी तिकडे जायची, तिची शेंगदाण्याची चटणी इकडे यायची. पण जेवण ज्याचं त्याचं. त्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती, एवढाच तिचा गुन्हा.

मग दुष्काळ पडला. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलं. पाटात पाणी नाही म्हणून आमच्या खात्यात काम नाही, आणि काम नाही म्हणून मला उत्साह फार. कोंडाबाई खडी फोडायला जायची, पण गुडघा सुजला आणि तेही सुटलं. अशात दुकानदारानं सांगितलं की एकट्या, थकलेल्या माणसांना दुष्काळी यादीतून धान्य मिळणार आहे. कोंडाबाई पिशवी घेऊन गेली आणि तशीच रिकामी परत आली. पिशवी खुंटीला अडकवून माझ्यापुढे उभी राहिली.

“अप्पा, मी तुमची चुलती कवा झाले?”

मी पेपरात तोंड घातलं.

“दुकानदार म्हनला, तुझं नाव अप्पाच्या कार्डावर हाय, अन्‌ अप्पाला सरकारी पगार हाय. तुला धान्य न्हाई. माझं जुनं कार्ड बी त्यो मानूस जमा करून घिऊन गेला. संगप्पा गेल्यावर त्या कार्डावर माझं नाव वर चढलं व्हतं. कुटुंबप्रमुख म्हून!”

“मग आमच्यातच जेवा की,” मी म्हटलं. “एका माणसाचं ते काय ओझं!”

“चार दिस पाव्हनी म्हून जेवले असते. जल्मभर कशी जेवू?” ती शांतपणे म्हणाली. “यादी म्हैनाअखेर बंद होनार हाय. नाव न्हाई लागलं तर येळवसीचा सन करून देगलूरला भनीकडं जाते.”

देगलूरच्या बहिणीकडे चार सुना. त्यातली एकही कोंडाबाईला दारात उभी करत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. रत्नम्मा माझ्याकडे बघत राहिली. ती उदगीरकडची, रागावली की कानडीत बोलते आणि फारच रागावली की काहीच बोलत नाही. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही.

मी उठून टोपी घातली. “आठ दिवसांत! आठ दिवसांत तुमचं कार्ड तुमच्या हातात देतो!”

हेही मोठंच उत्तर होतं, ते मला कचेरीच्या खिडकीपाशी पोचल्यावर कळलं. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उलटासुलटा करून बघितला. “एका घरात दोन कार्डं? चूल वेगळी आहे का?”

“आहे की!”

“शेगडी नको हां. मांडलेली चूल पाहिजे. इन्स्पेक्टर साहेब येऊन बघतील. अन्‌ हा फॉर्म चालत नाही, यावर जिल्हा उस्मानाबाद छापलंय.”

“तुम्हीच दिला की हा.”

“आम्ही दिला, पण चालत नाही.”

मी उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं. खाडाखोड चालत नव्हती. लातूर छापलेले फॉर्म अजून आले नव्हते. वीस वर्षं मी स्वतः कारकुनी केली, लोकांना असंच परत पाठवलं, पण खिडकीच्या अलीकडून हे सगळं इतकं चीड आणणारं असतं याची मला कल्पना नव्हती! शेवटी शेजारचे भुजंगराव धावून आले. हे निजामाच्या काळात पेशकार होते, साहेबापुढे लोकांचे कागद मांडणारे. त्यांनी कोऱ्या कागदावर दोन पानी दरखास्त लिहिली. त्यात कोंडाबाई बेवा होती, बेसहारा होती, आणि मेहेरबान सरकारच्या दाराशी फर्याद घेऊन उभी होती. “दरखास्त अशी पायजे अप्पा, की वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पायजे,” ते म्हणाले. कारकुनाच्या डोळ्यात काही पाणी आलं नाही. पण दोन पानं वाचायचा कंटाळा आला असावा, कारण त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला.

आता चूल! माझ्या अंगात नुसता संचार झाला. गल्लीतल्या सगळ्या चुली चांगुणाबाईच्या हातच्या. तिनं परसात येऊन जागा बघितली, वाऱ्याची दिशा बघितली आणि हुकूम सोडला: पांढरी माती, भुसा, शेण आणि दोन घागरी पाणी.

“दोन घागरी?” रत्नम्मा ओरडली. “अय्यो! टँकर तिसऱ्या दिवशी येतो. पोरींना प्यायला नाही आणि तुम्ही चुलीला पाजा!”

म्हणून मी स्वतः रांगेत उभा राहिलो. मी, पाटबंधारे खात्याचा माणूस, हातात बादली घेऊन बायकांच्या रांगेत. मागून आवाज आला, “अप्पा, तुमच्या तळ्यातलं सोडा की दोन घागरी!” सगळ्या खिदळल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पाण्याचं असं झालं, तर शेणाचं त्याहून वाईट. गावची जनावरं चारा छावणीत होती. छावणीतून शेण आणायला दुसरं भांडं सापडलं नाही म्हणून मी जेवणाचा डबा नेला. तो तसाच सायकलला अडकवून ऑफिसात गेलो. दुपारी आमचे डेप्युटी इंजिनिअर प्रेमानं म्हणाले, “आज काय आणलंय वहिनींनी?” आणि त्यांनी स्वतःच झाकण उघडलं. पुढचे तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पण चूल झाली! काय देखणी चूल झाली! गुळगुळीत, घाटदार, बाजूला वैलाच्या जोडचुलीसकट. रत्नम्माला राहवलं नाही, तिनं हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. आम्ही सगळे भोवती उभे राहून बघत होतो, तेवढ्यात दारात फटफटी थांबली.

इन्स्पेक्टर साहेब सातारकडचे, नव्या जिल्ह्यात नवीनच बदलून आलेले. माणूस उंच, आणि बोलणं मोजकं. त्यांनी चुलीकडे बघितलं.

“ही चूल आहे का देव आहे?”

“चूल साहेब, चूल! वेगळी चूल!”

“कधीची?”

कालची म्हणायला काय झालं होतं? पण खोड ती खोड. “बारा वर्षांची!” मी म्हटलं. “संगप्पा होता तेव्हाची!”

साहेबांनी खाली वाकून चुलीला बोट लावलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. ते त्यांनी बाहेर काढलं, बराच वेळ न्याहाळलं, रुमालाला पुसलं आणि कागदावर लिहिलं, ‘चूल ओली.’ मग पुन्हा येतो म्हणून निघून गेले.

त्या रात्री कोंडाबाईनं आपलं गाठोडं बांधायला घेतलं असं धाकटी पोर सांगत आली. मी जाऊन बघितलं तर खरंच दोन लुगडी घडी करून ठेवलेली. “बांधून ठिवलेलं बरं असतंय अप्पा,” ती म्हणाली, “ऐन टायमाला घाई नको.” मला रात्रभर झोप नाही.

चूल वाळली आणि पेटली. आणि घात झाला, कारण ती अतिशय छान पेटली! चांगुणाबाईनं अशी काही मांडली होती की चार काड्यांत भाकरी टम्म फुगायची. आमची जुनी चूल धुरानं डोळे फोडायची. एक दिवस रत्नम्मा म्हणाली, आज एवढ्या चार भाकरी तिकडेच टाकते. दुसऱ्या दिवशी आमटीही तिकडेच शिजली. तिसऱ्या दिवशी मी आंघोळीचं पाणी तापवायला निघालो होतो आणि फटफटी थांबली.

साहेब सरळ परसात आले. कोंडाबाईच्या चुलीपुढे रत्नम्मा भाकरी थापत होती. भोवती आमच्या तीन पोरी ताटल्या घेऊन बसल्या होत्या. कोंडाबाई त्यांना वाढत होती. आमच्या स्वतःच्या चुलीत शेजारची कोंबडी आरामात बसली होती.

“म्हणजे,” साहेब सावकाश म्हणाले, “आता तुम्ही सगळे या बाईंच्या कार्डावर जाणार का?”

शेजारी भिंतीवरून माना वर काढून ऐकत होते! वीस वर्षं सरकारी नोकरी केलेला मी, एका म्हातारीच्या कार्डावरचा खाणारा ठरलो. भुजंगराव फारसीत काहीतरी पुटपुटले.

“हे बघा,” साहेब फटफटीला किक मारता मारता म्हणाले, “महिनाअखेरीच्या आत एकदाच येईन. न सांगता येईन. दोन चुली, दोन तवे, दोन धूर. नाहीतर अर्ज निकाली.”

मग आमच्या घरात लष्करी कायदा लागला. भुजंगरावांनी परसात चुन्यानं रेघ मारून दिली. इकडची वाटी तिकडे नाही, तिकडची चटणी इकडे नाही. कोंडाबाईनं तर कमाल केली. रत्नम्माकडून आणलेलं चिमूटभर मीठसुद्धा मोजून परत केलं. रोज संध्याकाळी ती पोरींना गूळ-शेंगदाणे द्यायची, तेही बंद. पोरी रेघेच्या अलीकडे उभ्या राहून रडायच्या आणि कोंडाबाई पलीकडे पाठ करून बसायची. मी पाळतीवर! फटफटीचा आवाज आला की शिडीवरून माळवदावर चढायचं आणि ओरडायचं, “धूर!” लगेच दोन्ही बायका चुलीत ओला पाला घालायच्या. आठवड्यात अकरा वेळा धूर केला. दोनदा दूधवाला निघाला, एकदा विम्याचा एजंट. बाकीच्या वेळी कोण होतं ते धुरामुळे दिसलंच नाही.

साहेब काही येईनात, आणि आली येळवस. वेळ अमावस्या. आता आमच्याकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण सातारकडच्याला कोण सांगणार? त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत सगळं गाव गाड्या जुंपून शेतात जातं. कडब्याची खोप, पाच पांडवांची पूजा, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडी, ताकातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला ओढून नेतो. जेवल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाहीत. रान जवळजवळ उघडं होतं. ज्वारी गुडघ्याच्या वर आलीच नव्हती. पण नरसिंग म्हणाला, “पीक न्हाई म्हून काय येळवस सोडायची? समदी या!” आणि त्या दिवसापुरते छावणीतून बैल सोडवून आणून आम्ही पन्नासेक माणसं गाड्यांतून नरसिंगच्या शेतावर गेलो. मी आंबिलीच्या मडक्यांची व्यवस्था बघत होतो. त्या गडबडीत कोंडाबाई कोणत्या गाडीतून आली आणि कुठे बसली, याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

आणि त्याच दिवशी साहेब गावात आले! दोन धूर बघायला आलेला माणूस, त्याला अख्ख्या गावात एक धूर दिसेना. घरोघर कुलपं. पोस्टाच्या पायरीवर पाय मोडलेला व्यंकटी तेवढा पडला होता. तो म्हणाला, “समदी नरसिंगच्या रानात हायेत. चला, मला बी कुनी न्ह्यायला न्हाई,” आणि फटफटीवर मागे चढूनच बसला. आम्ही पंगतीला बसलो होतो, तेव्हा ही जोडी धूळ उडवत आली.

माझ्या तोंडात आंबील होती, ती तशीच राहिली. साहेब काही बोलायच्या आत नरसिंगनं त्यांना हाताला धरून बसवलं, पुढे पत्रावळ टाकली, भज्जी वाढली. “आधी जेवा साहेब, बोलनं मागून!” साहेबांनी एक घास घेतला, मग दुसरा, मग उंडा मागून घेतला.

“मी दोन चुली बघायला आलो होतो,” तिसऱ्या घासाला ते म्हणाले. “त्या बाई याच पंगतीत असतील ना? एकाच भांड्यातलं जेवतायत?”

आता मोठं उत्तर देऊन भागणार नव्हतं. “असतील साहेब,” मी खरं ते सांगितलं. “आज सगळेच एका भांड्यातलं जेवतात. चूक माझी आहे. पहिल्या दिवशी मीच फुशारकीनं तिचं नाव माझ्यात लिहून दिलं. ती कधीच माझ्यावर जेवत नव्हती. तिचं धान्य बुडालं ते माझ्या तोंडामुळे.”

“अन्‌ एका भांड्यातलं खाल्लं म्हून एक कुटुंब धरायचं असंल,” भुजंगराव म्हणाले, “तर नरसिंगच्या कार्डावर आज समदं गाव चढवा, हुजूर. तुम्ही सुद्धा.”

साहेब हसले नाहीत. ते बांधाकडे बघत होते. आम्हीही तिकडे बघितलं. बाभळीखाली एक बारीक धूर चढत होता. तीन दगड मांडून, आमच्याकडे पाठ करून, कोंडाबाई एकटीच भाकरी थापत होती. येळवसीच्या दिवशी! रत्नम्मा उठून धावत गेली. वारा तिकडून आमच्याकडे होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“अय्यो, हे काय कोंडाबाई? पंगतीत चला की!”

“नगं माय. साहेब कवाबी येतेत म्हनले हायेत. म्या तुमच्यातलं खाल्लं अन्‌ त्येंनी लिवून घितलं तर? ह्या वर्साची येळवस ऱ्हाऊ द्या. पीठ माझंच हाय, तवा बी माझाच आनलाय.”

कुणी घास उचलेना. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. जिच्या हातची भज्जी खायला लोक दरवर्षी वाट बघतात, ती बाई वर्षाच्या सणाला कागदाच्या भीतीनं बाभळीखाली कोरडी भाकरी भाजत होती. साहेब पत्रावळीवरून उठले. पाणी वाया जायला नको म्हणून हात रुमालाला पुसला आणि बांधावर गेले. मागोमाग मी. त्यांनी तीन दगड बघितले, तवा बघितला, पिठाची पिशवी बघितली. कोंडाबाई लगबगीनं उठून पदर सारखा करून उभी राहिली. साहेबांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

“कुटुंबप्रमुख, कोंडाबाई संगप्पा. कुटुंबातली माणसं, एक. चूल वेगळी. समक्ष पाहिली.”

तिच्या अंगठ्याला पीठ लागलं होतं. ते तिनं लुगड्याला पुसलं. साहेबांनी पेनाची शाई अंगठ्याला लावली, तिनं अंगठा उठवला. मग खाली त्यांची सही झाली. “सोमवारी कार्ड घेऊन जा,” ते म्हणाले. “यादीत नाव मी लावतो.”

शेतात असा ओरडा उठला की बैल बिचकले! नरसिंगनं फेटा हवेत उडवला, व्यंकटी मोडक्या पायावर उभा राहिला, भुजंगरावांनी साहेबांना मिठी मारली आणि त्यांचा सदरा भज्जीनं पिवळा केला. मी तर नाचलोच, लपवण्यासारखं काय आहे त्यात!

“साहेब,” कोंडाबाईनं विचारलं, “आता ह्येंच्यासंगं खाल्लं तर चालतंय का? नाव पुन्ना तिकडं जानार न्हाई?”

“नाही जाणार,” साहेब म्हणाले. “जेवा आता.”

पंगतीतल्या बायकांनी सरकून जागा केली, पत्रावळ टाकली. पण कोंडाबाई तिकडे गेली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, स्वच्छ फडक्यावर ठेवली. गाठोड्यातून चटणी काढून एका बाजूला नीट मांडली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

“अप्पा! रत्नम्मा! लेकरास्नी घिऊन या. आज माज्या घरी जेवाय या!”

आम्ही पाचही जण गेलो आणि तीन दगडांभोवती मांडी घालून बसलो. कोंडाबाईनं पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवली. सहीच्या गडबडीत ती तव्यावरच राहून एका बाजूनं करपली होती, दुसऱ्या बाजूनं कच्चीच होती. मी ती सगळी खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.